दुरुस्ती सांगावी का?

माझ्या मुलाची इलेक्ट्रिक गिटार गेल्या पावसाळ्यात विकायला काढली, तेव्हा तिच्यात एक दोष होता. तो मी दुरुस्त करून घेतला. दुरुस्ती चांगली झाली. मग प्रश्न उरला तो एवढाच, की घेणाऱ्याला हे सांगायचं का. प्रश्न इतका लहान आहे की त्यावर निबंध लिहिताना ओशाळल्यासारखं होतं. पण गेले काही महिने तो माझ्या टेबलावरून उठायला तयार नाही आणि त्याचं कारण गिटारीपेक्षा माझ्या कामात जास्त आहे. मी पंजाबीतून मराठीत अनुवाद करते. दुसऱ्यानं घडवलेल्या वस्तूला हात लावणं हाच माझा व्यवसाय आहे.

आधी गिटारीबद्दल. मुलगा शिकायला बंगळुरूला गेला, तेव्हापासून ती आमच्या चंदीगडच्या घरात कपाटाशेजारी उभी होती, तारा ताणलेल्या अवस्थेत. इथली हवा लाकडाची परीक्षा पाहते. मे-जूनमध्ये लू, जुलैत शिवालिकवरून येणारा दमट पाऊस, जानेवारीत धुकं. लाकूड आकसतं, फुगतं, पुन्हा आकसतं. दोन वर्षांनी मुलाचा फोन आला, “आई, ती विकून टाक. पण आधी ब्रिज बघून घे, मागच्या खेपेला जरा वाकडा वाटला होता.”

ब्रिज म्हणजे आपल्या सतार-तंबोऱ्याची घोडी. फरक इतकाच की या गिटारीची घोडी हलते. लाकडात दोन पितळी बुश ठोकून बसवलेले असतात, त्यांत दोन पोलादी स्टड फिरवून घट्ट केलेले असतात आणि स्टडच्या खाचेत घोडीची धारदार कड टेकलेली असते. बाजूची दांडी दाबली की घोडी पुढे कलते, तारा सैल होतात, स्वर खाली घसरतो. दांडी सोडली की गिटारीच्या पाठीतल्या स्प्रिंगा घोडीला जागेवर आणतात. ती नेमकी जागेवर आली तर वाद्य सुरात राहतं. केसभर कमी-जास्त झालं तर बेसूर.

या यंत्रणेला जगभर ट्रेमोलो म्हणतात आणि ते नाव चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहान-मोठेपणाचा कंप. स्वर वर-खाली होण्याला व्हायब्रेटो म्हणतात, आपण त्याला आंदोलनाच्या जवळचं काहीतरी म्हणू. लिओ फेंडरनं १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर ही हलती घोडी बसवली, तिला ट्रेमोलो म्हटलं, १९५६मध्ये त्याच नावानं पेटंट मिळालं आणि नाव चिकटलं. गंमत अशी की त्याच घराण्याच्या ॲम्प्लिफायरांवर जिथे खरोखर आवाजाचा कंप होता, तिथे व्हायब्रेटो असं लिहिलं गेलं. आज कुणी दुकानात जाऊन शुद्ध शब्द वापरला, तर त्याला भलताच सुटा भाग हाती पडेल. काही चुका काळाच्या ओघात भार वाहू लागतात, मग त्यांना हलवता येत नाही. अनुवादकाला ही गोष्ट ओळखीची वाटते.

तर आमच्या गिटारीचे दोन्ही स्टड मानेच्या दिशेनं झुकले होते. त्यांच्या मागे नखाची कड जाईल एवढी फट पडली होती आणि एका बुशाशेजारी रंगाला केसासारखी चीर गेली होती.

मोहालीच्या वाटेवर एका बाजारात वरच्या मजल्यावर एक मिस्त्री बसतात. साठी ओलांडलेले. आधी हार्मोनियम दुरुस्त करायचे, आता पोरं गिटारी आणतात म्हणून गिटारी करतात. मी त्यांना म्हटलं, “स्टड वाकलेत वीरजी, नवे घालून द्या.” त्यांनी तारा उतरवल्या, एक स्टड फिरवून बाहेर काढला, पोलादी पट्टीला लावून माझ्यापुढे धरला. स्टड सरळसोट होता.

“किल्ल सिद्धा ए, भैणजी,” ते म्हणाले. “लक्कड मर गई ए.”

खिळा सरळ आहे, लाकूड मेलंय. मग त्यांनी समजावलं. या गिटारीचं अंग बासवुडचं. हलकं, आवाजाला बरं, पण इतकं मऊ की नख दाबलं तर खूण उठते. हलक्या सहा तारा सुरात लावल्या तरी मिळून ३८-४० किलोंची ओढ होते. ती ओढ वर्षानुवर्षं एकाच दिशेनं, बोटाच्या पेराएवढ्या बुशावर. बुशाच्या पुढच्या बाजूचं लाकूड दबत जातं, भोक गोलाचं लांबट होतं आणि सरळ खिळा तिरका उभा राहतो.

मी माझं शहाणपण चालवलं, “पण मागे स्प्रिंगा आहेत ना? त्या तोल धरतात.”

ते हसले. गिटार पालथी घालून मागचं झाकण काढलं. तारा वरून मानेकडे ओढतात. स्प्रिंगा पाठीतून घोडीच्या खालच्या ठोकळ्याला ओढतात, त्याही मानेकडेच. बागेतल्या सी-सॉवर दोन मुलं बसली की फळी स्थिर राहते, त्यांनी विचारलं, पण मधल्या खांबावर वजन कुणाचं येतं? एकाचं की दोघांचं?

मी हे इतकी वर्षं चुकीचं समजत होते. तोल साधला की भार उणे होतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तोलामुळे फक्त हालचाल थांबते. भाराची बेरीजच होते आणि ती बेरीज बाहेरून न दिसणाऱ्या एका बिंदूवर येते. घरात, कचेरीत, भाषेत असे बिंदू कुठे कुठे आहेत, याची यादी त्या दुकानात उभ्या उभ्या माझ्या मनात तयार होऊ लागली. ती इथे देत नाही.

बुश बाहेर काढायची त्यांची युक्ती पाहण्यासारखी होती. बुशाच्या तळाशी त्यांनी पोलादाचा एक बारीक तुकडा टाकला आणि वरून स्टड फिरवत नेला. स्टड त्या तुकड्यावर टेकला आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्याला बुश आपणहून वर येऊ लागला. पहिला बुश निघाला. दुसरा निघाला तेव्हा त्याच्याबरोबर आगपेटीच्या तीन काड्या निघाल्या, झटपट गोंदात काचेसारख्या कडक झालेल्या.

मिस्त्रींनी त्या तळहातावर घेतल्या. “कोणी आधीच इलाज केलाय.”

ही गिटार मुलानं दहावीनंतर जुनीच विकत घेतली होती. शिकवणीचे पैसे, आजीनं दिलेले पैसे, असं जमवून २६ हजारांत. विकणाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं, एकदम टकाटक आहे. मला आठवलं, पहिल्या वर्षभरात मुलगा सारखा म्हणायचा की माझा हात बसत नाही, दांडी वापरली की सूर परत येत नाही, माझंच चुकतंय. तो स्वतःला दोष देत होता आणि दोष तीन काड्यांचा होता.

मिस्त्रींनी दुरुस्ती नीट केली. दोन्ही भोकं उभ्या ड्रिलखाली धरून सरळ आणि थोडी मोठी केली, म्हणजे मेलेलं लाकूड निघून जिवंत लाकूड लागेल. सेक्टर २६च्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या शिसवाच्या फळीतून दोन गट्टू कापले. त्यांच्या रेषा गिटारीच्या लाकडाच्या रेषांना समांतर ठेवल्या. “ओढ ज्या अंगानं येते ते अंग बघून लाकूड बसवायचं,” ते म्हणाले. गट्टू इपॉक्सीत बसवून दोन दिवस तसेच ठेवले. मग मापं घेऊन पुन्हा भोकं पाडली, बुश ठोकले, तारा चढवल्या. मी विचारलं, सरस का नाही वापरला? हार्मोनियमवाले सरस वापरतात ना? त्यांचं उत्तर माझ्या डोक्यात राहिलं आहे. सरसाचा जोड ऊब आणि ओल दिली की सुटतो. जिथे पुन्हा उघडावं लागणार तिथे सरस. इथला जोड सुटून चालणार नाही, म्हणून इपॉक्सी. “पण मग लिहून ठेवावं लागतं.” आणि त्यांनी खरंच लिहिलं. स्प्रिंगांच्या खाली, झाकणाच्या आत, लाकडावर शिसपेन्सिलीनं: तारीख, दोन गट्टू, शिसव, इपॉक्सी. गुरुमुखीत.

“हे कोण वाचणार?” मी विचारलं.

“जो पुढे उघडेल तो.”

घरी येऊन मी मुलाला फोन केला. काड्यांचं ऐकून तो चिडला, मग हसला. जाहिरातीत काय लिहायचं हे त्यानं सांगितलं: उत्तम स्थिती, सुरात राहते, २२ हजार. मी म्हटलं, दुरुस्तीचं लिहायला हवं. तो म्हणाला, कशाला?

त्याचे मुद्दे मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण ते कच्चे नव्हते. एक, दोष आता नाही. जो दोष नाही तो जाहीर करणं म्हणजे खोटंच बोलणं. दोन, बासवुडच्या जागी शिसव आला, म्हणजे वस्तू आधीपेक्षा मजबूत झाली. तीन, दुरुस्ती हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, त्यांच्या मनात जे चित्र येतं ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. तेव्हा न सांगणं हेच सत्याच्या जास्त जवळ आहे. चार, आणि हे तो जरा थांबून म्हणाला, “मला कुठे कोणी सांगितलं होतं?”

शेवटचा मुद्दा बाजूला ठेवू. आपल्याला फसवलं म्हणून आपण फसवावं असं त्यालाही म्हणायचं नव्हतं, तो फक्त दुखत होतं ते सांगत होता. पण पहिले तीन मुद्दे मला उत्तर मागत होते.

माझं माहेर मिरजेचं. तिथल्या सतारमेकर गल्लीतून मी शाळेत जायची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वळचणीला वाळत टांगलेले असायचे आणि दारात बसून कोणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत असायचं. घोडीच्या पृष्ठभागाला कानसीनं असा सूक्ष्म उतार द्यायचा, की तार तिच्यावर घासत जाऊन आवाजाला ती गोलाई येते. तारा घोडीत चरे पाडतात, जवारी बसते, पुन्हा लावावी लागते. तंबोरा विकताना ‘याची जवारी तीनदा लावली आहे’ असं कोणी सांगत नाही आणि न सांगणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावात ही असंख्य वेळा झालेली घासाघासही आली. मुलाच्या बाजूनं हा भक्कम दाखला होता: दुरुस्ती हा वाद्याच्या जगण्याचाच भाग, तिचं काय सांगायचं?

पण जवारीला एक सोय आहे. ती उघड्यावर असते. घेणारा वाकून घोडी पाहू शकतो, तार छेडून ऐकू शकतो. वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हा भाग झिजणारा आहे. सांगण्याचं काम तिथे परंपरेनं आधीच करून ठेवलेलं असतं. स्टडखालचा गट्टू रंगाखाली आणि बुशाखाली आहे. तिथे परंपरा बोलत नाही. तिथे कोणीतरी बोलावं लागतं.

उलट टोकाचा दाखला मी ज्या शहरात राहते त्यानंच दिला. चंदीगड वसलं तेव्हा पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी, कोर्टासाठी, विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या स्थानिक सुतारांनी बनवल्या. पुढे वेत फाटले, पाय हलू लागले आणि कचेऱ्यांच्या गच्च्यांवर या खुर्च्यांचे ढीग लागले. भंगाराच्या भावानं त्यांचे लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, घासल्या, नवे वेत विणून घेतले, आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागल्या. २०११मध्ये गृह मंत्रालयाला आदेश काढून ही विक्री अडवावी लागली. एमी सीगल यांनी २०१३मध्ये या खुर्च्यांचा प्रवास उलट्या दिशेनं दाखवणारा चित्रपट केला: आधी श्रीमंतांची घरं, मग लिलाव, मग दुरुस्तीची कार्यशाळा, आणि शेवटी चंदीगड.

या खुर्च्यांच्या पाठीवर रंगानं लिहिलेली कचेऱ्यांची अक्षरं असतात, कुठल्या खात्याची खुर्ची हे ओळखण्यासाठी कोणा कारकुनानं घातलेली. आज ती अक्षरं असली की वस्तू खरी ठरते, म्हणून ती जपली जातात. खुर्चीला नवा वेत घालणारा, पाय पुन्हा सांधणारा हात मात्र नामशेष होतो. जुनेपणाची खूण विकत मिळते, दुरुस्तीची खूण पुसली जाते. १९६४च्या व्हेनिसच्या सनदेत जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी याच्या उलट सांगितलं आहे: हरवलेल्या भागाच्या जागी जे नवं बसवाल ते एकूण रचनेशी मिळतंजुळतं हवं, पण मुळापेक्षा वेगळं ओळखूही यायला हवं. त्याच सनदेत आणखी एक कलम आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

हे दुसरं कलम मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला एका लग्नाची आठवण होते.

काही वर्षांपूर्वी मी एका पंजाबी कादंबरीचा अनुवाद केला. तिच्यात एक लग्न आहे. तिसऱ्या प्रकरणात ते कडाक्याच्या थंडीत होतं, वऱ्हाडी शेकोटीभोवती बसतात. दहाव्या प्रकरणात तेच लग्न कुणाला तरी आठवतं, तेव्हा शेतात गव्हाची कापणी चालू आहे, म्हणजे एप्रिल. लेखक हयात नव्हते. मला वाटलं, हात घाईत असेल, संपादकाच्या नजरेतून सुटलं असेल. मी दहाव्या प्रकरणातली कापणी काढली आणि त्या जागी हिरवा, हाताएवढा वाढलेला गहू घातला. तीन शब्दांचं काम. जोड इतका बेमालूम बसला की मला त्याचा अभिमानच वाटला. प्रस्तावनेत त्याचा उल्लेख केला नाही. पुस्तकाचं परीक्षण करणाऱ्या एकानं अनुवाद ‘ओघवता’ असल्याचं म्हटलं.

मग एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. ती या कादंबरीतल्या ऋतूंवर प्रबंध लिहीत होती, मराठी अनुवादाच्या आधारानं. तिच्या एका प्रकरणाचा कणा होता तो हिरवा गहू: लग्नात थिजलेली, न पिकलेली आशा, वगैरे. मार्गदर्शकांनी मूळ पंजाबी पाहायला सांगितलं, तेव्हा तिला तिथे कापणी दिसली. तिनं अतिशय नम्रपणे विचारलं होतं, “तुम्ही वेगळी आवृत्ती वापरली होती का?”

ती नम्रता मला झोंबली. मी मूळ पुस्तक पुन्हा काढलं आणि दहावं प्रकरण या वेळी दुरुस्ती करायच्या हेतूशिवाय वाचलं. लग्न आठवणारी बाई म्हातारी आहे. तिचा नवरा कापणीच्या दिवसांत गेला, हे पाचव्या प्रकरणात एका वाक्यात येऊन गेलं आहे. तिच्या मनात दोन दिवस एकमेकांत मिसळले असतील. असतील असंच म्हणते, कारण लेखकाची खरोखर चूकही झालेली असू शकते. पण मला तो स्टड झुकलेला दिसला आणि मी थेट स्टडच सरळ केला. लाकूड पाहिलंच नाही. जिथे तर्क सुरू होतो तिथे थांबायचं होतं, मी तिथे सुरुवात केली होती.

आता मुलाच्या मुद्द्यांकडे परत जाता येतं. मूळ काय आणि नवं काय, फळ्या बदललेलं जहाज तेच की दुसरं, या जुन्या वादात मला पडायचं नाही. गिटार तीच आहे की नाही, याच्याशी घेणाऱ्याचं फारसं देणंघेणं नसतं. त्याला ती ताणायची असते. तो उद्या जाड तारा लावेल, सूर एक घर वर चढवेल, दांडी खालपर्यंत दाबेल. प्रत्येक वेळी ओढ आमच्या जोडावर येईल, आणि तो जोड तिथे आहे हे ठाऊक नसल्यानं काही बिघडलं तर तो भलतीकडे शोधत बसेल, किंवा माझ्या मुलासारखा स्वतःच्या हाताला दोष देईल. त्या विद्यार्थिनीनं माझ्या वाक्यावर आख्खं प्रकरण टांगलं. वाक्य सुंदर होतं, मजबूतही होतं. पण भार घेण्यासाठी ती जागा कोणी दिली आहे, हे तिला माहीत असण्याचा हक्क होता.

म्हणजे दुरुस्ती सांगायची ती मुळाचं सोवळं राखण्यासाठी सांगावी असं मला वाटत नाही. तसं असतं तर ती सतत कबुलीजबाबासारखी सांगावी लागली असती आणि प्रत्येक डागडुजी म्हणजे पाप ठरली असती. दुरुस्ती सांगायची ती पुढच्यासाठी, जो या वस्तूवर आपला भार टाकणार आहे आणि एक दिवस झाकण उघडणार आहे त्याच्यासाठी. काड्या खुपसणाऱ्याचं पाप काड्यांत नव्हतं. गरिबीत, घाईत, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असताना माणूस काड्याही वापरतो. मिस्त्रींनीही त्याला नावं ठेवली नाहीत. त्यानं ‘टकाटक’ म्हटलं, तिथे तो चुकला. आणि माझ्या मुलाचा तिसरा मुद्दा, की सांगितलं तर लोक घाबरून खऱ्यापेक्षा वाईट समजतात, हा खरा असला तरी त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. नीट सांगणं हा आहे. मिस्त्रींसारखं: तारीख, दोन गट्टू, शिसव, इपॉक्सी.

जाहिरातीत मी दुरुस्तीचं लिहिलं. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग झिरकपूरहून एक मुलगा वडिलांबरोबर आला, बारावीतला असेल. मी झाकण उघडून त्याला शिसपेन्सिलीची ओळ दाखवली. त्यानं ती वडिलांना वाचून दाखवली, मोबाइलवर फोटो काढला, मग तारा लावून पाऊण तास दांडी दाबून-सोडून पाहिली. सूर दर वेळी परत आला. “आंटीजी, ये तो मस्त है,” तो म्हणाला. वडिलांनी मात्र दुरुस्तीचं कारण पुढे करून चार हजार कमी केले. मी दिली.

मुलाला १८ हजार पाठवले आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई, तू खरं बोललीस ते बरोबरच. पण पैसे माझे होते.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सत्याची किंमत मोजायची आणि ती दुसऱ्याच्या खिशातून, हे मी केलं होतं. जिच्यावर मला बोलायला हवं होतं ती दुरुस्ती माझ्या स्वतःच्या पुस्तकात होती. तिथे मी विद्यार्थिनीच्या पत्राला गोलमोल उत्तर देऊन मोकळी झाले होते: पाठभेद असू शकतो, तपासून पाहते. माझ्या खिशाला तोशीस लागणार होती तिथे माझीही जाहिरात ‘उत्तम स्थिती’ अशीच होती.

चार हजार मी त्याच्या खात्यात टाकले. त्यानं परत पाठवले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं.

मग त्या विद्यार्थिनीला दुसरं पत्र लिहिलं. आवृत्ती तीच होती, बदल मी केला, कोणत्या पानावर, कोणते तीन शब्द, मूळ काय, आणि मला तेव्हा काय वाटलं होतं. प्रकाशकांनाही कळवलं. ते म्हणाले, पुढची आवृत्ती निघाली तर टीप घालू, पण सध्या काही चिन्ह नाही. तिचं उत्तर आठवड्यानं आलं. प्रकरण तिला पुन्हा लिहावं लागणार होतं. हिरव्या गव्हाच्या जागी आता तिला त्या म्हाताऱ्या बाईच्या विसरण्यावर लिहायचं होतं आणि ते जास्त अवघड आहे असं तिनं म्हटलं होतं. रागावली होती की नाही ते पत्रावरून कळलं नाही.

माझ्या शेल्फवरच्या प्रतीत दहाव्या प्रकरणाच्या समासात मी शिसपेन्सिलीनं तारीख घातली आहे, आणि खाली मूळ शब्द लिहिले आहेत. गुरुमुखीत.